रन-थ्रू मालगाडी: क्रू बदलला की कॅबूसही बदलायचा?

रूळकिडा:
मंडळी, एचओ स्केलमध्ये (1:87 मापाची मॉडेल रेल्वे) अमेरिकेच्या नेब्रास्कातलं फ्रीमाँट बांधतोय, साल 1974. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची मालगाडी इथे येते आणि पुढे शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या दुसऱ्या कंपनीची माणसं ती ब्लेअरमार्गे आयोवात नेतात. इंजिनं तीच राहतात, म्हणून ती रन-थ्रू, इथवर कळलं. पण शेवटच्या कॅबूसचं, म्हणजे गार्डच्या डब्याचं काय? दर गाडीला तो काढून दुसरा लावायचा म्हटलं तर माझं शंटिंग इंजिन दिवसभर तेवढंच करत बसेल. दुसरं म्हणजे, निम्मा क्रू इंजिनात, निम्मा मैलभर मागे. यार्डातल्या एकाच ऑफिसापाशी दोघं बदलतात कसे?

खडीवाला:
मी हाच घोळ घातलाय, म्हणून लिहितो. माझ्या लेआउटवर दर गाडीचा कॅबूस बदलायचा असा नियम मीच केला होता. पहिल्याच दिवशी यार्डाच्या तोंडाशी तीन गाड्या तुंबल्या आणि खेळायला आलेले मित्र चहा पीत बसले.

कॅबूस बदलण्याची रीत खरी आहे, पण जुनी. तेव्हा मालगाडीच्या क्रूचा एक दिवसाचा पगार म्हणजे 100 मैल, त्यामुळे साधारण तेवढ्या अंतरावर माणसं बदलायची. कॅबूस कंडक्टरच्या नावावर असायचा (कंडक्टर म्हणजे आपला गार्ड, तिकीटवाला नव्हे). शेगडी, बिछाना, डबे-भांडी, सगळं त्याचं. पल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला तो त्यातच झोपायचा. मग साहजिकच माणूस उतरला की त्याचं घरही सुटायचं.

पुढे पूल कॅबूस आले. डबा गाडीबरोबर पुढे जातो, माणसं फक्त बॅग घेऊन चढतात-उतरतात. कंडक्टर लोकांना हे आवडलं नाही, आणि त्यात चूक काय? जो डबा कुणाचाच नाही तो झाडणार कोण?

दोन कंपन्यांमध्ये मात्र सगळं करारावर. इंजिनांचा हिशेब हॉर्सपॉवर-तासांत फिटायचा: तुमची इंजिनं आमच्याकडे जेवढी राबली, तेवढी आमची तुमच्याकडे राबवा. कॅबूस कुठे सरळ पुढे जायचा, कुठे हद्दीवर बदलायचा. तुमच्या सालातले आयोवातले फोटो काढा आणि गाडीचं शेपूट बघा. रंगावर जाऊ नका, अक्षरं आणि आकार बघा. युनियन पॅसिफिकच्या कॅबूसला तेव्हा छपरावर कपोला (टेहळणीची छोटी खोली) असे.

आता क्रू. इंजिन ऑफिसापाशी थांबतं, ड्रायव्हर आणि पुढचा ब्रेकमन बदलतात. मग गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते, डब्यामागून डबा, आणि कॅबूस ऑफिससमोर आला की पुन्हा थांबते. जुना कंडक्टर वेबिलांचा (डब्यांतल्या मालाच्या कागदांचा) गठ्ठा नव्याच्या हातात देतो, अमुक डब्याकडे लक्ष ठेव म्हणतो. नवा आत जाऊन ब्रेक पाइपचा गेज बघतो आणि रेडिओवर हायबॉल, म्हणजे निघायचा इशारा देतो. एचओमध्ये मैल म्हणजे साठेक फूट, तेव्हा तुमची वीस डब्यांची गाडी दीड हात सरकली तरी चालेल, पण सरकवा. तीच तर मजा आहे.

सांधेबदल:
करारात कॅबूस बदलायचा असेल तर नुसता अडकवून भागत नाही हं. अँगल कॉक (ब्रेकच्या हवेचा नळ) बंद, जुना काढून कॅबूस ट्रॅकवर, नवा लावून होज जोडायचा, हवा भरायची, आणि शेवटच्या डब्याचा ब्रेक लागतो-सुटतो हे डोळ्यांनी बघायचं. शिवाय डब्यात पाणी, इंधन, फ्यूझी (इशाऱ्याच्या जळत्या कांड्या) आहेत ना? हे सगळं होईपर्यंत घड्याळ चालूच. कामाच्या तासांच्या कायद्यातल्या 1969च्या दुरुस्तीने क्रूचे कमाल तास 16 वरून आधी 14 आणि नंतर 12 झाले. तुमच्या 1974 मध्ये 12च धरा.

रूळकिडा:
खडीवाला, सांधेबदल, दोघांचे आभार. साल 1986 केलं तर सुटेन का यातून?

खडीवाला:
बऱ्याच अंशी. 1982च्या कामगार युनियनबरोबरच्या करारानंतर कॅबूस हटवायला वाट मिळाली. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेने तर सत्तरीच्या सुरुवातीलाच सोडले होते. शेवटच्या कपलरला लुकलुकत्या दिव्याची छोटी पेटी लटकवायची, कंडक्टर पुढे इंजिनात. पण मग गाडी सरकवायचं कारणच उरत नाही. मी असतो तर 1974 सोडलं नसतं.

रूळकिडा:
बरं, 1974च. मग कॅबूस ट्रॅक उखडू की ठेवू?

खडीवाला:
ठेवा. लोकल मालगाड्यांना लागेलच.