व्हायटॉन (फ्लोरोकार्बन रबर) सील लावण्याआधी ड्रिलिंग मडमध्ये काय आहे ते विचारा
डिझेल-बेस ड्रिलिंग मडमध्ये (तेलविहीर खोदताना आत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवात) नायट्राइल रबराच्या ओ-रिंग (गोल सील) फुगतात, मग सरळ व्हायटॉन लावू का, असा प्रश्न आलाय. घाई नको. व्हायटॉन डिझेलला दाद देत नाही हे खरं, पण मडमध्ये गंज रोखायला अमाइन (नायट्रोजन असलेलं अल्कधर्मी रसायन) घातलं असेल तर व्हायटॉनच कडक होऊन तडकतं. आधी बेस ऑइलचा (मडमधल्या मूळ तेलाचा) अ‍ॅनिलिन पॉइंट विचारा, म्हणजे ते तेल आणि तितकंच अ‍ॅनिलिन ज्या किमान तापमानाला पूर्ण मिसळतात ते. तो जितका कमी, तितकं नायट्राइल जास्त फुगणार. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड आणि उष्णता दोन्ही असतील तर एचएनबीआर (हायड्रोजनेटेड नायट्राइल रबर) बघा. ईपीडीएम रबर तेलात फुगतं, ते तर तेलाजवळही नको.

आम्ही नागपुरात, हिंगणा एमआयडीसीत सील मोल्ड करतो. माझा आग्रह एकच: साइटवरचं खरं मड मागवा, विहिरीच्या तापमानाला नमुना १६८ तास बुडवा, आकारमान आणि शोअर मापकावरचा कडकपणा आधी-नंतर मोजा.