रहस्यकथेला समीक्षा हवी की नुसते तारे? (आणि मध्येच पारसिकचा बोगदा)

घोडबंदरी घुबड :
परवा वाशीकरांनी लिहिलं, "रहस्य, भय, विज्ञान हा सगळा प्रवासातला खाऊ. खाल्ला, कागद फेकला. त्याला समीक्षा कसली मागता? पाचपैकी किती तारे ते सांगा नि व्हा मोकळे." दोन दिवस गप्प बसलो. आता नाही राहवत.

वाशीकर, वर्षभरात मी अकरा नवी पुस्तकं विकत घेतली. विकत, भेट नव्हे. अकरांचेही अभिप्राय शोधून वाचले. शब्द तीनच : "उत्कंठावर्धक", "खिळवून ठेवणारं", "एका बैठकीत संपवलं". एका बैठकीत मी केळ्याचे वेफर्सही संपवतो हो. खुनी पटला का? धागे आधी पेरले होते की शेवटच्या प्रकरणात लेखकाने खिशातून काढले? मधली साठ पानं कापली असती तर काही बिघडलं असतं का? हे कोणी सांगतच नाही. आणि जे सांगू शकतात ते मासिकवाले, प्राध्यापक मंडळी या पुस्तकांकडे बघत नाहीत. नारळीकरांना सगळ्यांनी विज्ञानकथाकार म्हणून डोक्यावर घेतलं, पण 2014 ला साहित्य अकादमी मिळाली ती आत्मचरित्राला. यातच काय ते आलं.

वाशीकर :
नारळीकरांचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांना पत्ता नव्हता कोण आहे ते. तरी पहिलं बक्षीस! म्हणजे माल चांगला असला की दाद मिळते. पुढे 2021 ला नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपदही दिलंच की. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय समीक्षकांच्या शिफारशीवर खपल्या? धारपांची भयकथांची पुस्तकं वाचनालयात शिवण उसवेपर्यंत फिरली. तुमची अकरा का फिरत नाहीत, ते लेखकांना विचारा.

आठ-दोनची जलद :
तारे म्हणालात म्हणून. ती बोगद्यातली कादंबरी आठवा, जिला सगळीकडे चार-साडेचार तारे आहेत. (वाचली नसेल त्यांच्यासाठी : साल 2024, कल्याणहून सुटलेली जलद लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरते, डब्यात अंधार, बाहेर येते तेव्हा फर्स्ट क्लासमधला बिल्डर मेलेला.) तारे देणाऱ्यांपैकी एकाने तरी कल्याण-ठाणे प्रवास केलाय का? फेब्रुवारी 2022 पासून जलद लोकल बोगद्यातून जातच नाही! ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला, आमच्या गाड्या मुंब्रा-कळव्यावरून वळवल्या. त्या 72 तासांच्या ब्लॉकमध्ये मी डोंबिवलीहून ठाण्याला दोन रिक्षा नि एक टेम्पो बदलून आलेय, मला नका सांगू.

ऐरोलीकर :
काहीतरीच. बोगद्यातूनच जाते. लहानपणापासून बघतोय. बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं ओरडायची, बाबा शटर खाली ओढायचे, तरी तो ओल्या दगडाचा वास आत यायचाच.

आठ-दोनची जलद :
लहानपणी जायची, दादा. प्रश्न 2024 चा आहे.

ऐरोलीकर :
मागच्याच महिन्यात गेलोय! पुण्याहून येताना. स्पष्ट आठवतंय, मोबाइलची रेंज गेली होती.

आठ-दोनची जलद :
पुण्याहून लोकलने आलात?

तलावपाळी :
😀 ऐरोलीकर, ठाण्याला उतरून चहा घ्या.

बरं, जलद तिथून जाते असं घटकाभर धरू. 1916 सालचा तो बोगदा, लांबी साधारण तेराशे मीटर. गाडी साठच्या वेगात असली तर सव्वा मिनिट. शिवाय लोकलमध्ये दिवे असतात, अंधार कुठून आणला? सकाळच्या गर्दीत सव्वा मिनिटात खांद्यावरची बॅग पुढे घेता येत नाही. हा गृहस्थ सुरा काढतो, खुपसतो, पुसतो आणि वर पेपरची घडी घालतो!

ऐरोलीकर :
ठीक आहे, एक्स्प्रेस होती. मान्य. पण जाहीर फलक कुठे लावला होता रेल्वेने? साधा माणूस गोंधळणारच. आणि मुळात कळव्याच्या लोकांना 2024 पर्यंत जलद थांबा नव्हता, त्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही.

घोडबंदरी घुबड :
अहो मंडळी, हाच माझा मुद्दा आहे! एवढी मोठी चूक आणि एकाही परीक्षणात...

वाशीकर :
म्हणजे समीक्षा म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक तपासणं? मग मतकरींच्या गूढकथा वाचताना भुताचं आधार कार्ड मागत होतात का? तुमच्यासारखे लोक गोष्ट वाचत नाहीत, गोष्टीचं ऑडिट करतात.

घोडबंदरी घुबड :
भूत चालेल. भुताने चुकीची लोकल पकडलेली चालणार नाही. कथेचं कुलूपच ते बोगद्यातलं सव्वा मिनिट आहे. तेच खोटं, तर उरलेली दोनशे पानं कशासाठी वाचायची?

वाशीकर :
मग तुम्ही लिहून दाखवा एक.

घोडबंदरी घुबड :
आमटी खारट झालीय हे सांगायला मी गॅस पेटवायचा का?

पहिलीच आवृत्ती :
इतका वेळ वाचत होते. मी एक भयकथासंग्रह काढला आहे, स्वखर्चाने, 300 प्रती. नाव सांगत नाही, जाहिरात म्हणाल. चाळीस प्रती परीक्षणासाठी पाठवल्या, टपालखर्च माझाच. एका ठिकाणी परीक्षण छापून आलं. उघडून बघते तर माझाच मलपृष्ठावरचा मजकूर, जसाच्या तसा. मलपृष्ठावर "अमानवी"चं "आमनवी" छापलं गेलं होतं, तेही तसंच. खाली परीक्षकाचं नाव. तीन महिन्यांनी स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे प्रत दिसली, आत माझ्या अक्षरात "सस्नेह". वीस रुपयांना परत आणली.

कोणी वाईट म्हटलं असतं तरी चाललं असतं. बोगदा चुकलाय म्हणणारं कोणी भेटलं असतं तर मी पेढे दिले असते.

वाशीकर :
ताई, हे मात्र वाईट झालं. "आमनवी"ला हसलो, माफ करा. समीक्षा नको या मताशी मी ठाम आहे. पण जी छापतात ती निदान पुस्तक उघडून लिहावी, इथवर घुबडरावांना एक तारा देतो. पाचपैकी.

घोडबंदरी घुबड :
उपकार झाले.

तलावपाळी :
तुमचं चालू द्या. आमच्या वाचनालयातून काल तीच बोगद्याची कादंबरी आणली. खाकी कव्हर, पाठीवर नंबराची चिठ्ठी. पान 9 वर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ आणि समासात "हाच खुनी". गेला माझा आठवडा पाण्यात. पण बोगद्याच्या पानावर वेगळ्या अक्षरात लिहिलंय, "जलद इथून जात नाही." त्याखाली तिसरं अक्षर, जोर देऊन, कागद फाटेल असं : "जाते."

आठ-दोनची जलद :
ऐरोलीकर, तुम्ही कुठल्या वाचनालयात जाता?

वाशीकर :
परत केलीत की सांगा, मी नंबर लावतो. पेन्सिल आहे माझ्याकडे.