चिपळूणच्या डेटाची दुसरी प्रत रत्नागिरीत ठेवून भागेल का?

खाडीकाठ
२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मी चिपळुणातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळत होतो. दुसरी प्रत उंचावरच्या शाखेत होती आणि ती कोरडी राहिली. तरीही डेटाबेस उघडेना. डेटा एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या भागावर), लॉग म्हणजे बदलांची क्रमवार नोंदवही दुसऱ्यावर, आणि दोघांचं रेप्लिकेशन, म्हणजे दुसरीकडे सतत प्रत पाठवणं, वेगवेगळं लावलेलं. दोन शाखांमधली नेटवर्कची लाइन जाताना डेटाची प्रत लॉगच्या पुढे निघून गेली होती. लॉग पुढे आणि डेटा मागे असता, तर डेटाबेसने लॉग वाचून स्वतःला सावरलं असतं. इथे लॉगमध्ये पत्ता नसलेले बदल डेटात जाऊन बसले होते. शेवटी जुन्या बॅकअपवर आलो आणि कर्मचाऱ्यांनी ओल्या पावत्या वाळवून एकेक नोंद पुन्हा घातली.

आता संस्था रत्नागिरीला सिंक्रोनस रेप्लिकेशन (दोन्हीकडे लिहून झालं की मगच व्यवहार पूर्ण) घ्यायच्या विचारात आहेत. माझा विरोध आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, पण दापोली-मंडणगडही झोडपलं गेलं. चिपळूण बुडालं त्याच पावसात महाड बुडालं. किनारपट्टीवरची दोन गावं म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत. प्रत नागपूरला ठेवा, असिंक्रोनस ठेवा, म्हणजे आधी इथे लिहायचं आणि तिकडे मागाहून पोचवायचं, पाचेक मिनिटं मागे राहिली तरी चालेल. पण सगळे व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये हवेत, म्हणजे ज्या क्रमाने इथे लिहिलं त्याच क्रमाने तिथे लिहिलं जाईल.

पावती_पुस्तक
पाच मिनिटं चालतील हे कोणी ठरवलं? मी सोळा वर्षं काउंटरला बसतोय. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात चाकरमानी उतरले की पाच मिनिटांत किती पैसे काढले जातात ते येऊन बघा. आणि तो आठवडा पावसाळ्यातच येतो. ज्या आजीने ठेव मोडून पन्नास हजार नेले, तिची नोंद गेली तर ठेवही शाबूत आणि पैसेही गेलेले. ताळा कोण जुळवणार? सिंक्रोनसमध्ये दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय पावतीच निघत नाही. मला तेच हवंय.

खाडीकाठ
दादा, तुमची काळजी खरी आहे. पण लाइन तुटल्यावर तुमचं सिंक्रोनस काय करतं ते विचारून घ्या. एक तर लिहिणं थांबवतं, म्हणजे काउंटर बंद. नाहीतर एकट्यानेच लिहीत राहतं, आणि त्या क्षणापासून रत्नागिरीची प्रत मागे पडायला लागते. बहुतेक ठिकाणी दुसराच पर्याय लावलेला असतो, कारण काउंटर बंद कोणालाच नको. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या कामात जेसीबीने केबल किती वेळा तोडली ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुराच्या दिवशी आधी लाइन जाते, सर्व्हर नंतर बुडतो. मधल्या दोन तासांच्या नोंदी कुठे आहेत?

घाटमाथा
अंतराचा हिशोब मांडतो. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. केबल ९० किलोमीटर धरली तर रत्नागिरीला जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. नागपूरला ९०० धरा, नऊ मिलिसेकंद, वर मधली उपकरणं. प्रत्येक लिखाणाला एवढं थांबायचं तर दिवसअखेरचा बॅच (सगळ्या खात्यांचा एकगठ्ठा हिशोब) रात्रभर संपायचा नाही. तेव्हा नागपूरला सिंक्रोनस हा विचारच सोडा. पण दोन्ही का नकोत? जवळ सिंक्रोनस, लांब असिंक्रोनस.

पावती_पुस्तक
हे पटतं. खर्च संचालकांना पटवायला मी येतो.

खाडीकाठ
पैसे असतील तर माझी ना नाही. पण मग तिसऱ्या जागी साक्षीदार सर्व्हर हवा. चिपळूण आणि रत्नागिरी एकमेकांना दिसेनासे झाले की मुख्य कोण हे त्यानेच ठरवायचं. तो नसेल तर दोघंही स्वतःला मुख्य समजतात, एकाच खात्यातून दोनदा पैसे निघतात, आणि नंतर त्या दोन वह्या आपोआप एक होत नाहीत.

दर्याकिनारी
अजून एक. कोणी चुकून टेबल पुसलं किंवा रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर? रेप्लिकेशन तेही इमानाने दुसरीकडे पोचवतं. ठरावीक वेळाचे, बदलता न येणारे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती, वेगळे ठेवलेच पाहिजेत.

खाडीकाठ
शंभर टक्के. त्यावर वादच नाही.

पावती_पुस्तक
मग माझी एक अट. ड्रिलमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रतीवर काम चालवून बघायच्या सरावात, तुम्ही सर्व्हर चालू झाला की "पास" लिहून मोकळे होता. आमच्या कॅशियरला दुसऱ्या प्रतीवर बसवा. पिग्मीची यादी, ठेवींची बेरीज, रोख शिल्लक आदल्या संध्याकाळच्या छापील ताळ्याशी जुळू दे. रुपयाचा फरक पडला तरी नापास.

खाडीकाठ
मंजूर. आणि ड्रिल डिसेंबरात नको, जुलैत घेऊ. लाइन मधेच ओढून काढायची, आधी कोणाला न सांगता. मागच्या वेळी आम्ही सगळं रीतसर बंद करून मग दुसरीकडे चालू केलं होतं, म्हणून डेटा आणि लॉगची ती गडबड पूर येईपर्यंत दिसलीच नाही.