न मरणाऱ्या बाईला गाव काय म्हणेल?

एक दीर्घकथा लिहिते आहे. नायिका पैठणची. दुर्गादेवीच्या दुष्काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीला, तिचं सगळं घर गेलं, ही उरली, आणि तेव्हापासून उरतेच आहे. १९७२च्या दुष्काळी कामावर खडी फोडताना, सुकडी खाता खाता ती सहज बोलून जाते, "दुर्गादेवीत एवढंही नव्हतं." शेजारणीला वाटतं, कुठल्या तरी देवळाबद्दल बोलतेय. इथवर जमलं. पुढे मुकादमाला तिचं गुपित कळतं. तो तिला काय म्हणेल? 'अमर' लिहिलं की मधल्या आळीतला अमर डोळ्यापुढे येतो. 'चिरंजीव' म्हणजे लग्नपत्रिका. 'अमर्त्य' मुकादमाच्या तोंडी शोभत नाही. सुचवा.

—

ताई, 'चिरंजीव' सोडाच, पण पत्रिकेमुळे नव्हे. चिर म्हणजे पुष्कळ काळ, कायमचा नाही. म्हणून तर तो आशीर्वादात चालतो. नमस्कार करणाऱ्या पोराला कोणी 'अमर हो' म्हणत नाही. सात चिरंजीवांच्या श्लोकातही शब्द 'चिरजीविनः' असाच आहे, आणि पुढची ओळ तर गमतीची आहे: या सातांचं आणि आठव्या मार्कंडेयाचं रोज स्मरण करणाऱ्याला मिळतात निरोगी शंभर वर्षं. अमरांची नावं घ्यायची आणि मागायचं शतायुष्य! आपल्या लोकांचा हिशेब पक्का.

अश्वत्थाम्याचंही तसंच. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप देतो. म्हणजे शापाला मुदत आहे. ती लोकांनी काढून टाकली, कारण मुदत संपलेला अश्वत्थामा कोणाला नको होता. नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याच्या नावाने अजून यात्रा भरते. आमची आजी दिवाळीत अंगाला तेल लावण्याआधी जमिनीवर तेलाची सात बोटं टेकवायची. पहिलं बोट अश्वत्थाम्याच्या जखमेला. लहानपणी मला वाटायचं, रात्री येऊन तो ते पुसून नेत असेल.

तुमच्या बाईला शापही नाही आणि मुदतही नाही. मग चिरंजीव कशी?

—

आधी एक सांगा, ती म्हातारी होते का? अमरकोशात देवांची नावं सुरूच होतात 'अमरा निर्जरा देवाः' अशी. मरण नसणं वेगळं आणि जरा, म्हणजे म्हातारपण, नसणं वेगळं, म्हणून शब्दही दोन. 'अजरामर' म्हणजे अजर अधिक अमर. पण हल्ली गाणी आणि नाटकातल्या भूमिकाच तेवढ्या अजरामर होतात, माणसाला तो शब्द कोणी लावत नाही. ग्रीक कथेतल्या पहाटेच्या देवीने प्रियकरासाठी अमरत्व मागितलं आणि तारुण्य मागायला विसरली. तो सुकत सुकत नुसता आवाज उरला. तिला 'अजरामर' हा शब्द माहीत असता तर निम्मा वर विसरली नसती.

—

साठीला येऊन थांबते. दात पडलेत, गुडघे दुखतात. मरत मात्र नाही.

—

म्हणजे अमर आहे, अजर नाही. गुडघे दुखणारी अमर बाई मला तरी आवडली.

'अवध्य'ही इथे लागू नाही. त्यात मारणारा कोणीतरी हवा आणि वरात एखादी फट हवी, हिरण्यकशिपूसारखी. 'इच्छामरणी' भीष्मांचा, पण २०१८च्या निकालानंतर इच्छामरण म्हटलं की वाचकाला सर्वोच्च न्यायालयच आठवतं.

(शब्दाशी संबंध नाही, पण दुर्गादेवीच्या प्रसंगात तिला मिरची खायला घालू नका. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली.)

—

तुम्ही सगळे विशेषण शोधताय. मुकादम विशेषण लावणारच नाही. तो म्हणेल, "म्हातारे, अमरपट्टा घेऊन आलीस का काय?"

बघा, हा शब्द आपण नेहमी नकारात किंवा टोमण्यातच वापरतो. 'कोणी अमरपट्टा घेऊन आलेलं नाही.' मयताच्या घरी दहा वेळा ऐकू येतो. तोच टोमणा एकदा खरा ठरू द्या, वाक्य अंगावर येतं. आणि पट्टा म्हणजे सनद, कोणीतरी लिहून दिलेली. कोणी दिली, हे बाईलाच ठाऊक नाही. कथा तिथेच आहे की.

उलट नुसता 'अमर' शब्द आपण राखून ठेवलाय तो गेलेल्यांसाठी. 'अमर रहे'ची घोषणा जिवंत माणसासाठी देऊन बघा, तो मारायला धावेल.

—

अमरवेलही विचारात घ्या. नाव अमर, पण मातीत मूळ नाही, अंगावर पान नाही. दुसऱ्याच्या झाडावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरते आणि त्याचाच रस पिते. तुमच्या बाईलाही दर पिढीला नवं घर शोधावं लागत असेल ना?

—

लागतं! ते मी लिहिलंच नव्हतं. पण बाईला बांडगूळ करायचं नाही, म्हणून अमरवेल कुंपणावरच राहू दे.

अमरपट्टा घेतला. मुकादम हजेरीपटावर वय विचारतो, ती 'साठ' सांगते. तो हसून म्हणतो, "मागल्या कामावर, माझ्या बापालाही साठच सांगितलं होतंस. अमरपट्टा घेऊन आलीस का काय?" ती उत्तर देत नाही. अंगठा उठवते आणि घमेलं उचलते.