आधी वारा बघा, रायफल नंतर
एकाने विचारलंय की शिकारीत सशाच्या किंकाळीचा नकली आवाज काढला की कायोटी (उत्तर अमेरिकेतला, लांडग्याच्या कुळातला रानटी प्राणी) येतो, पण 300 यार्डांवर थबकून पळतो. मग मोठी रायफल घ्यावी का? माझ्या मते आधी वारा बघा. कायोटी सहसा सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो आणि वास घेतो. म्हणून कॉलर (सशाचा आवाज काढणारं यंत्र) आपल्यापासून 40-50 यार्ड, वारा येतो त्या बाजूला ठेवा. वाऱ्याखालचा पट्टा मोकळा, नजरेत राहणारा हवा. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या उघड्या माळावर हे जमतं. झुडपं दाट असतील तर शॉटगनच बरी, तीही 40 यार्डांच्या आत. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जमतात तेव्हा, कायोटीचीच हाळी देऊन बघा.

राहिला लांबचा नेम. 300 यार्डांवर ताशी 10 मैलांचा आडवा वारा .223 रायफलची 55 ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) गोळी जवळपास फूटभर ढकलतो, आणि कायोटीची छाती त्याहून लहान. आपण भुंकल्यासारखा आवाज काढल्यावर तो क्षणभर थांबला तरच चाप ओढा. जनावर जखमी होऊन पळणं मला अजिबात मान्य नाही. रात्रीच्या शिकारीचे आणि इलेक्ट्रॉनिक कॉलरचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेही तपासा.