मदत हवी आहे: चार शनिवार उरलेत, गोष्ट आणि लढाई दोन्ही कशा राखू?

नमस्कार मंडळी,

मालवणजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच जण डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं, डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारी, मी. खेळ फक्त पावसाळ्यात होतो, कारण माझा मावसभाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच तो सलग घरी सापडतो. म्हणून हा धागा घाईने काढतेय.

किनारा काल्पनिक, पण मसाला इथलाच: आंग्र्यांच्या आरमारासारख्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं), गलबतं, खाडीच्या तोंडावर विजयदुर्गासारखा किल्ला. पात्रांच्या गावची होडी कोणी बुडवली, याचा शोध चाललाय.

मावसभावाचं पात्र फायटर, म्हणजे योद्धा, पाचव्या लेव्हलचं आहे. तिरंदाजीची स्टाइल, पहिल्या लेव्हलला क्रॉसबो एक्स्पर्ट, चौथ्याला शार्पशूटर ही खास कौशल्यं. हँड क्रॉसबोने (एका हाती धरायच्या छोट्या यांत्रिक धनुष्याने) राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या पाळ्यांच्या एका फेरीला, तीन बाण, नेमाच्या फाशातून 5 वजा केले की प्रत्येक बाणाला 10 जास्त डॅमेज (इजा). म्हणजे लागलेला एकेक बाण सरासरी साडेसोळाचा.

गेल्या शनिवारी गुराबेचा कप्तान पहिल्यांदा समोर आला. होडीचं गुपित त्यालाच माहीत. आमच्यातल्या एक शिक्षिका वैद्याचं पात्र खेळतात. बुडालेल्या भावाची खूण म्हणून कप्तानापुढे धरायला त्या खरंच घरून एक जुनं पितळी कडं घेऊन आल्या होत्या. मावसभावाची पाळी आधी आली. ॲक्शन सर्ज (एकाच पाळीत जादा कृती) वापरून पाच बाण, त्यातले चार लागले, कप्तानाचे 58 हिट पॉइंट संपले, म्हणजे तो मेलाच. बाई काही बोलल्या नाहीत. कडं पर्समध्ये टाकलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. ते बघून माझ्या पोटात कालवलं.

मावसभावाला दोष द्यायचा नाहीये. बोटीवरच्या वहीत तो दहा महिने ही गणितं मांडत असतो. त्याचा आनंद तिथे आहे आणि तो खरा आहे. मी विषय काढला तर म्हणाला, "माजा काय चुकला? पुस्तकात दिलला आसा मां?" आहेच. 2024 च्या पुस्तकात शार्पशूटरचे ते 10 काढून टाकलेत हे मला माहीत आहे, पण मध्येच नियम बदलून त्याची मेहनत पाण्यात घालणं मला पटत नाही.

शत्रूंचा एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) 18 करून पाहिला. मावसभावाने 5 वजा करणं सोडलं आणि फाशात पूर्ण 8 मिळवून आरामात मारत राहिला, बाकीच्यांचे फासे मात्र वाया गेले. मग नुसत्या संवादांचं सत्र ठेवलं, तर तो सगळा वेळ गप्प बसून राहिला. तेही मला नको.

लहानपणापासून जत्रेत दशावतार बघत आलेय. तिथे आख्यान ठरलेलं, संवाद ऐनवेळी सुचतील तसे. राजा तलवार उपसतो, पण आधी दोघांची शब्दांची चकमक झडते, मग मृदंगावर युद्ध, मध्येच थांबून पुन्हा बोलणं. युद्ध सुरू झालं म्हणून गोष्ट थांबत नाही. मला टेबलावर हे हवंय.

त्यावरून सुचलेलं असं. कप्तानाच्या भावाला जिवंत पकडायचं. 2014 च्या नियमांत हिट पॉइंट शून्यावर आणताना मारण्याऐवजी बेशुद्ध करणं फक्त जवळच्या वाराने जमतं, बाणाने नाही. म्हणजे मावसभावाने दुरून बाकीच्यांना आवरायचं आणि शेवटचा वार दुसऱ्या कोणीतरी जवळ जाऊन करायचा. शिवाय खाडीत भरतीचं पाणी दर राउंडला चढत जाईल. हिट पॉइंट अर्धे झाले की कप्तानाचा भाऊ तहाचं बोलेल, तेव्हा बाईंना कडं पुढे करता येईल.

असं कोणी चालवलंय का? बाणाने जीव जाईल हे मावसभावाला आधीच सांगू, की तो डाव मोडल्यासारखं वाटेल त्याला? भरतीला किती राउंड द्यावेत? पाच मला कमी वाटतात, आमच्यात दोघे नवखे आहेत. आणि अर्ध्यावर बोलणं सुरू झालं की पाळ्यांचा क्रम थांबवायचा, की बोलता बोलता बाण चालू द्यायचे? इथेच मी सगळ्यात जास्त अडलेय.

शनिवारी दुपारी चारला बसतो. शुक्रवार रात्रीपर्यंत सांगितलंत तर नकाशा त्याप्रमाणे काढीन.