सुई एका जागी टोचते, मग अख्ख्या गाठीचं काय?

बावडेकर: काकांच्या फुफ्फुसात लिंबाएवढी गाठ. सुईनं त्यातला तांदळाएवढा तुकडा काढला आणि पुढचं सगळं त्यावर ठरलं. २०१२ साली लंडनच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या गाठींचे जागोजागचे तुकडे तपासले, तर जवळपास दोन-तृतीयांश जनुकीय बदल सगळ्या तुकड्यांत सापडलेच नाहीत. गाठ एक, आत वस्ती भलतीच मिसळीची. स्कॅनमध्ये निदान अख्खी गाठ तरी दिसते. करड्या छटांचा आतला चढउतार कॉम्प्युटर मोजतो, त्याला रेडिओमिक्स म्हणतात. हे आकडे रिपोर्टात यायलाच पाहिजेत. नुसती 'लांबी-रुंदी एवढी' लिहून का थांबायचं?

फिल्मवाला: भावा, मी सीटीवर टेक्निशियन आहे. फोटोचा काप १ मिलिमीटरचा घेतला की ५ चा, कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून दिल्यावर किती सेकंदांनी फोटो काढला, एवढ्यावरसुद्धा ते आकडे हलतात. एकच ऊस दोन गुऱ्हाळांत घातला तर गूळ सारखा निघतोय होय?

आणि रेडिओमिक्सचाच २०१४ चा तो गाजलेला अभ्यास घे. १,०१९ रुग्ण, प्रत्येक गाठीची ४४० मोजमापं. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तपासलं तर त्या मोजमापांतून काढलेल्या, रुग्णाचा पुढचा धोका सांगणाऱ्या खुणेचा बराचसा जोर निघाला गाठीच्या आकारमानात! म्हणजे एवढी आकडेमोड करून कळलं काय, तर मोठी गाठ वाईट.

बावडेकर: म्हणूनच तर २०२० मध्ये १६९ मोजमापांच्या व्याख्या प्रमाणित झाल्या की.

फिल्मवाला: व्याख्या झाल्या. मशिनं वेगवेगळीच राहिली.

राजारामपुरीची मावशी: तुमचं चालू द्या, पण गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल आहे का नाही हे कळल्याबिगर आमच्या जाऊबाईंची गोळी ठरत नव्हती. ते फोटोवरून नक्की कोण सांगणार? त्याला तुकडा, नाहीतर रक्ताची तपासणी लागते. आता उलटंही सांगते. पहिला तुकडा 'नमुना अपुरा' म्हणून परत आला, गाठीच्या मधल्या मेलेल्या भागातला होता. मग पेट स्कॅन झाला, गाठीचा कुठला भाग साखर किती ओढतो ते दाखवणारा. कडेला जिथं साखर जास्त ओढली जात होती तिथनं दुसऱ्यांदा घेतला, तेव्हा कुठं निदान लागलं. तीन आठवडे गेले ते गेलेच.

बावडेकर: बघा, मी तेच म्हणतोय! स्कॅननंच जागा दाखवली.

फिल्मवाला: दाखवली, मान्य. पण मावशी, ती डॉक्टरांना डोळ्यानं दिसली. ४४० मोजमापं कुठं लागली?